दातवालीने ओळखलेली दाढ

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नयेच. पण आत नंबर लागायला अजून बराच अवकाश आहे आणि भिंतीवरचं ते किडक्या दाढेचं चित्र बघून बघून तुमची तोंडं आंबट झाली आहेत. तेव्हा दुखऱ्या गालावर हात ठेवा आणि ऐका. हसू आलं तर बेताने हसा, कुणाला टाके घातलेले असतील तर उसवायचे.

तर एक होती दातवाली. तशी चांगली शिकलेली-सवरलेली डॉक्टर. दारावर पाटी, पाटीवर नावामागे पदव्यांचे डबे जोडलेली आगगाडी. पण सगळं गाव तिला दातवाली म्हणे आणि तिलाही ते आवडे. हात इतका हलका की लोक तिच्या खुर्चीत झोपी जात, आणि घोरायला लागले की ती म्हणे, "झालं काम सोपं, तोंड आपोआप उघडलं."

खोड एकच. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तोंडात वाकून वाकून तिची नजर नाकाच्या वर चढायचीच विसरली होती. सख्खी नणंद बाजारात समोर येऊन "काय गं, बरी आहेस ना?" म्हणाली, तर ही अनोळखी बाईला हसावं तसं हसून पुढे निघाली. नणंद रागाने ओरडली, तेव्हा कुठे तिच्या सुळ्यापाशी असलेली फट दिसली आणि ही "अगंबाई, वन्सं तुम्ही!" म्हणत तिच्या गळ्यात पडली. लग्नानंतर वर्षभर तिने नवऱ्याला जांभईवरून ओळखलं म्हणतात. घरातलं सफरचंद कुणी चोरून अर्धं खाऊन ठेवलं, तर ती ते उजेडात धरून बघे आणि हाक मारे, "भावजी, खालचा डावा दात पुढे आलाय तुमचा, तार लावून घ्या. आणि उष्टं ठेवू नका, संपवा ते."

तोंडं मात्र ती विसरत नसे. त्यातून स्वतःचं काम तर मुळीच नाही. किडलेल्या दाढेत सिमेंट भरून झालं की बाकीचे डॉक्टर वरून गुळगुळीत करून मोकळे होतात. हिला ते पटत नसे. "दाढ म्हणजे काय न्हाणीघराची फरशी आहे?" असं म्हणून ती सिमेंट घट्ट व्हायच्या आत त्यावर झाडाच्या पानाला असतात तशा बारीक शिरा कोरत बसे. लहान मुलांच्या दुधाच्या दाढेवरसुद्धा, जी दोन-चार वर्षांत पडूनच जायची. मधली शीर नेहमी एका बाजूला कललेली, कारण बाई डावखुरी. असं पान दुसऱ्या कुणाला जमलं नाही आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी तेवढा वेळ घालवलाही नाही.

त्या सुमारास काय झालं, नदीपलीकडे तिला शिकवलेले सर दवाखाना चालवत, ते न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. सरांनी फोन केला, "दुपारचं येऊन बसशील का? पेशंट तुटायला नकोत." ही गेली. पाटी सरांची, खुर्ची सरांची, मदतनीस मावशीही सरांचीच. वर तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. तिची आई जरी तिथं आली असती, तरी "डॉक्टर कुठं आहेत हो?" असं तिलाच विचारती.

एका दुपारी एक गृहस्थ एका मुलीला घेऊन आले. सात-आठ वर्षांची असेल. गृहस्थांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला मुलीची पाण्याची बाटली, आणि दर थोड्या वेळाने तिच्या केसांवरून हात. मावशी तर विरघळलीच.

"काका आहेत हो तिचे," ती दातवालीच्या कानाशी कुजबुजली. "आई बाहेरगावी नोकरीला, वडील नाहीत. पोर यांच्याकडे. आमच्या घरातल्या पुरुषांना ही मूर्ती दाखवायला हवी एकदा."

मुलगी खुर्चीत बसली, ओठ घट्ट मिटून. समुद्राने बाहेर फेकलेली शिंपली जशी. दातवालीने मनातल्या मनात तिचं तेच नाव ठेवलं.

"काय गं, काय झालं?"

"सायकलवरून पडली," काका म्हणाला. "ऐकतच नाही हो. किती सांगायचं?"

"कुठं दुखतंय तुला?"

"पुढचा दात. तोच तुटलाय," पुन्हा काकाच म्हणाला.

"नाव काय तुझं?"

नावही काकानेच सांगितलं.

"आता तोंड तरी हिलाच उघडू द्याल ना," दातवाली म्हणाली, "की तेही तुमचंच बघू?"

यावर सगळ्यांत मोठ्याने हसला तो काकाच. गोड माणूस. "यापूर्वी कुणाला दाखवलंय?" असं विचारल्यावर म्हणाला, "छे, पहिल्यांदाच. दातांची तक्रारच नव्हती कधी."

शिंपली उघडली. पुढचा वरचा दात अर्धा तुटलेला, शेजारचा हलणारा. एवढं सायकलच्या खात्यावर टाकता येईल. मग दातवालीने वरचा ओठ हलकेच उचलला.

आता सगळ्यांनी जीभ वरच्या ओठाच्या आत घाला बघू. मधोमध एक बारीक पडदा लागतो का? ओठ आणि हिरडी यांना बांधून ठेवणारा. लागला? बरं, आता जीभ आत घ्या, समोरच्या बाई घाबरल्या. तर शिंपलीचा तो पडदा फाटलेला होता. ताजा. आणि त्याच्या आधीही एकदा फाटून वाकडातिकडा जुळलेला होता. सायकल कितीही वाईट असली तरी ओठाच्या आत शिरत नाही. जबड्याखाली एका बाजूला एक निळसर डाग आणि दुसऱ्या बाजूला ओळीने तीन-चार, अंगठा आणि बोटं ठेवल्यासारखे. तळहात मात्र स्वच्छ, हनुवटी स्वच्छ, गुडघ्यावर साधा ओरखडा नाही. सायकलवरून पडणारं पोर आधी हात टेकतं.

हे सगळं दिसत होतं, तरी दातवालीचं डोकं अजून मुलं पडतातच म्हणत होतं. तेवढ्यात तिचा आरसा खालच्या दाढेवर गेला आणि हात जागच्या जागी थांबला.

दाढेवर पान होतं. बारीक शिरांचं, मधली शीर एका बाजूला कललेली.

मुलीचा चेहरा तिला आठवला नाही, काकाचाही नाही. दाढ आठवली. दाढेबरोबर सगळं आठवलं. काही महिन्यांपूर्वीची सकाळ, स्वतःचा दवाखाना, सुजलेला ओठ, दुसरंच नाव, आणि असाच एक गोड आवाज, "झोपाळ्यावरून पडली हो, डॉक्टर." तेव्हाही तिने तो पडदा पाहिला होता. पाहून सोडून दिला होता. दाढ भरली, पान कोरलं, आणि जाताना या पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "जपून खेळायचं हं, बाळ."

मार खाणाऱ्या पोरीला तिने जपून खेळायला सांगितलं होतं.

काकाने डॉक्टर बदलला होता. पुन्हा तीच डॉक्टर नको, तिच्या लक्षात येईल, म्हणून नदी ओलांडून आला, नाव बदललं, दुसरी पाटी बघून आत शिरला, आणि बसवलं पोरीला त्याच बाईच्या हाताखाली. यापुढचं दातवालीला स्वच्छ दिसलं. आज दात नीट करून सोडून दिलं, तर पुढच्या वेळी तिसरा दवाखाना. तिथल्या डॉक्टरला या पानाचं काय कळणार? तो आपला म्हणेल, मुलं पडतातच.

"एक मिनिट हं," म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि तिने सरांना फोन लावला.

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मुलं पडतात."

"एकाच पडद्यावर दोनदा, सर? आणि नाव बदलून?"

"हे बघ, आपण दात बघायचे. लोकांच्या घरात नाही डोकवायचं. चुकून तो माणूस खरा निघाला तर? गावभर बोंब मारेल. तिथं माझी पाटी आहे."

"तुमची पाटी आहे म्हणून तर तो आलाय, सर. त्याला वाटलं इथं कुणी ओळखणार नाही."

मग सर म्हणाले, "पडदा कसा फाटलाय? सरळ की तिरका?"

"तिरका. हिरडीपासून सुटलाय. काहीतरी आत कोंबल्यासारखा."

"हं." सर म्हणाले. "राग आला की या प्लास्टरच्या आत हात खाजतो मेला. लाव फोन. कुणी विचारलं तर सरांना विचारून लावला म्हण."

"न विचारताही लावणारच होते."

"मग मला कशाला छळलंस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुलांच्या हेल्पलाइनवर एका बाईंनी उचललं. दातवाली सुरुवातीलाच म्हणाली, "हे बघा, मला खात्री नाही हं."

"खात्री करून घेणं आमचं काम," त्या बाई म्हणाल्या. "शंका आली एवढं पुरे. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा. काय वाटलं ते मागाहून."

हे दातवालीला जमण्यासारखं होतं. कुठला दात, कुठला डाग, कुठल्या बाजूला, जुनं काय, ताजं काय, आधी काय सांगितलं होतं आणि आज काय. बोलता बोलता तिचा आवाज ताळ्यावर आला.

"फोटो काढता येतील का? तपासणीचे म्हणून?"

"ते तर आम्ही काढतोच."

"काढून ठेवा. त्या गृहस्थांशी वाद घालू नका, काही कळल्याचं दाखवू नका. नाहीतर त्याचा राग मुलीवर निघेल. आम्ही निघालोच. मुलगी आपणहून बोलली तर ऐका, पण तिच्या तोंडात शब्द घालू नका. आणि कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका."

आता प्रश्न असा की मुलीने बोलावं कसं? तिचं बोलणं तर काका बोलत होता. त्याला गप्प बसवल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघणार नव्हता. आणि इथून पुढचं, मी आधीच बजावलंय, तुम्ही मानणार नाही. दातवाली घाबरली म्हणाल तर तिळभर नाही. वाघीण हो नुसती! बाहेर आली, काकाकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "अहो, तुमचाच खालचा दात हलतोय की. आलाच आहात तर बसा पलीकडच्या खुर्चीत, माप घेऊन टाकू."

ज्याला आपल्या हसण्याचा अभिमान, तो दाताच्या नावाने लगेच घाबरतो. बसला. माप घ्यायचं म्हणजे ठाऊक आहे ना? लोखंडी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरतात आणि तो ट्रे जबड्यावर दाबून धरतात. लगदा घट्ट होईपर्यंत माणसाने फक्त नाकाने श्वास घ्यायचा आणि आपल्या पापांची उजळणी करायची. मावशीने लगदा कालवला, दातवालीने ट्रे बसवला. "हलू नका, बोलू नका, नाहीतर पुन्हा घ्यावं लागेल."

"अं," काका म्हणाला. त्या दुपारचं त्याचं ते सगळ्यांत छोटं वाक्य.

दातवाली शिंपलीच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसली. मास्क काढला. चष्मा काढला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखाद्या पेशंटचे डोळे पाहिले.

"आता तू सांग. हे कसं झालं?"

दातवालीने घाई केली नाही. मग शिंपली अगदी हळू म्हणाली, "मी हळू खाते."

"बरं."

"एकीकडची दाढ दुखते ना. म्हणून दुसरीकडून खाते. मग काकाला उशीर होतो. मग तो चमचा असा घालतो." तिने चिमुकली मूठ हवेत पुढे ढकलून दाखवली. "आणि इथं धरतो. म्हणजे तोंड मिटत नाही."

दातवालीच्या मांडीवरचा रुमाल चुरगळला. दुखतं म्हणून हळू, हळू म्हणून चमचा, चमच्याने आणखी दुखणार, म्हणजे आणखी हळू. तोंडातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ शोधण्यात जिचा हातखंडा, तिला हे मूळ पहिल्या वेळी दिसलं नव्हतं.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"सांगणार," दातवाली म्हणाली. "ज्यांना सांगितलं की हे थांबेल, त्यांना सांगणार. मी खोटं बोलणार नाही तुझ्याशी. पण तुझी काही चूक झालेली नाही. हळू खाणं म्हणजे चूक नव्हे."

शिंपलीने विचार केला. "मग किती हळू चालतं?"

"गोगलगाय तुझ्या ताटाला वळसा घालून घरी पोचली तरी चालतं."

तुटक्या दाताने का होईना, ती हसली.

आणि तिकडे काका! त्याने सगळं ऐकलं होतं. त्याला ओरडायचं होतं, "खोटं बोलतेय कार्टी!" पण ओरडणार कसा? मावशीने घाईत भलताच डबा उघडला होता. लगद्याच्या पावडरीऐवजी मापाच्या साच्यात ओतायचं प्लास्टर कालवलं होतं. सरांच्या हातावर जे होतं ना, त्याचंच चुलत भावंड. ते बसलं की दगड! काकाने ट्रे ओढला, ट्रे हलेना. मावशीने ओढला, तर काकाच खुर्चीसकट पुढे आला. शेवटी तो उठला आणि सुटला जिन्यावरून खाली, तोंडातून ट्रेचा दांडा किटलीच्या चोचीसारखा बाहेर, इस्त्रीच्या शर्टावर पांढरा चिखल. मागे मावशी, हातात पोरीची पाण्याची बाटली. "अहो, चूळ तरी भरा!" रस्त्यावरची कुत्री आधी भुंकली आणि मग त्याचं ध्यान बघून वाट सोडून बसली. चौकात पोलिसाने शिट्टी मारून अडवलं. "नाव काय?" "अंब्बं." "कुठं राहता?" "अंब्बंब्बं." जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं देणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येईना! पोलिसाने त्याला उचलला तो थेट ठाण्यावर, तिथं हातोडी आणि छिन्नी घेऊन...

"खोटं!"

बाकाच्या टोकाशी गालाला बर्फाची पिशवी लावून एक तरुण मुलगी बसली होती. अक्कलदाढ काढायला आलेली, सकाळपासून एक अक्षर न बोललेली. सगळे तिच्याकडे वळले.

"साफ खोटं," ती म्हणाली. बोलताना तिचा सुजलेला गाल दुखत असणार, पण ती थांबली नाही. "काकाच्या तोंडात कुणी काहीही घातलं नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाही, तुम्ही बाहेर बसा. आणि तो बसला. मासिक वाचत. त्या हेल्पलाइनच्या ऑफिसातल्या दोघी आल्या, तेव्हा उठून त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याला वाटलं, पेशंट आहेत."

"मग तो पळाला नाही?" गालाला पट्टी बांधलेल्या आजोबांनी निराश होऊन विचारलं.

"कुठला पळतोय! त्यांच्याशीही गोडच बोलत होता. त्या लिहून घेत होत्या, हा बोलत होता. सायकल कुठली, कुठं पडली, कुणी पाहिलं. त्याला सायकलचा रंगसुद्धा सांगता येईना, कारण माझ्याकडे सायकल नव्हतीच. त्या रात्री मला त्याच्या घरी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आई आली ती मला घेऊनच गेली. तिने तिच्या नोकरीच्या गावी खोली बघितली, माझी शाळा बघितली. पुन्हा कधी कुणाकडे ठेवलं नाही मला."

तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि वाघीण कसली! घाबरल्या होत्या बाई. एक्स-रेच्या खोलीत त्यांचे हात एवढे थरथरत होते की शेवटी मीच ते धरले."